डुगनची थंडी

(मिलवॉकी, ऑक्टोबर १९६६. हातमोज्यांचा बंद पडलेला कारखाना. आता तिथे नाताळात टेलिव्हिजनवर दाखवायचा बाहुल्यांचा चित्रपट तयार होतो आहे. टेबलावर हातभर लांबीचं स्वयंपाकघर. त्यातल्या शेगडीपाशी ध्रुवीय अस्वलाचं वीतभर पिल्लू, डुगन. लॉरेटा बाहुल्या टप्प्याटप्प्याने हलवते, क्लाइड प्रत्येक टप्प्याचे कॅमेऱ्याने दोन फोटो घेतो, इनेझ थॉर्प लिंडक्विस्टसाहेबांच्या या स्टुडिओच्या नोंदी ठेवते. दुपारचा एक.)

क्लाइड : तिथेच थांबा, मिस थॉर्प! पुढे पाऊल टाकू नका. शॉट चालू आहे.

इनेझ : दारावरचा तांबडा दिवा दिसला मला, मिस्टर हॉगेन. बूट बाहेर काढून आलेय.

लॉरेटा : आणि ते हातातलं खुळखुळणारं?

इनेझ : किल्ल्याही बाहेर.

लॉरेटा : मग बोला तिथूनच. हळू. अठ्ठावन्न टप्पे झालेत.

इनेझ : एकशे चव्वेचाळीसपैकी. हाच शॉट शुक्रवारी काढलात, सोमवारी काढलात, काल काढलात. तिन्ही वाया. बाकी सगळा चित्रपट डब्यांत बंद होऊन बसलाय आणि या बारा सेकंदांसाठी सगळं अडलंय. परवा डबे न्यूयॉर्कला जायचेत.

क्लाइड : जातील की. काल तर या बिचाऱ्या लोरीची काही चूकच नव्हती. बिअरच्या गाड्या. रस्त्यावरून भरलेली गाडी गेली की ही जमीन अशी हादरते, की माझे नकली दातसुद्धा जागा सोडतात. मी लिहिलंय ना तक्त्यात.

इनेझ : लिहिलंय. पाच वेळा. म्हणून मी बिअरच्या कारखान्यात फोन केला.

क्लाइड : तुम्ही? त्यांनी विचारलं नाही, किती पिंपं पाठवू म्हणून?

इनेझ : काल ड्रायव्हरांचा संप होता. एकही गाडी फाटकाबाहेर पडली नाही.

क्लाइड : ...मग दुसऱ्या कुणाच्या असतील.

इनेझ : मिस्टर हॉगेन, मी नऊ वर्षं या स्टुडिओच्या नोंदी ठेवतेय. नऊ वर्षांत तुम्ही मला खोटी नोंद दिली नव्हती. आता एका आठवड्यात अकरा दिल्यात. शुक्रवारी दिवा लुकलुकला, सोमवारी टेबलाचा स्क्रू ढिला झाला, काल गाड्या. स्क्रू मी स्वतः तपासला. माझ्या वजनाने हलत नाही तो.

क्लाइड : घड्याळवाल्याची पोर ती घड्याळवाल्याचीच. झाकण उघडल्याशिवाय चैन नाही.

लॉरेटा : क्लाइड, पुरे. मिस थॉर्प, तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा. फार वेळ थांबलं की पिल्लाची मान आपोआप खाली बसते आणि पडद्यावर झटका दिसतो.

इनेझ : ठीक. तक्ते पूर्वी तुम्ही स्वतः भरायचात. मार्चपासून ते मिस्टर हॉगेनच्या अक्षरात आहेत.

क्लाइड : माझं अक्षर सुंदर आहे.

इनेझ : कोंबडीने अंगण उकरलंय. दुसरं, तुमच्या कपात कॉफी अर्धीच असते. आधी मला वाटलं, डॉक्टरने कमी करायला सांगितली असेल. पण तुम्ही अर्धा अर्धा कप सहा वेळा घेता.

लॉरेटा : माझे कप मोजता तुम्ही?

इनेझ : मी सगळंच मोजते, मिसेस डोम्ब्रोव्स्की. त्यात तुमच्यावर विशेष कृपा नाही. आणि तिसरं, एप्रिल. पटकथेत या पिल्लाला थंडी वाजायची नव्हती. पाण्याची भीती वाटायची होती. एप्रिलमध्ये बर्फावरचा पहिला शॉट आला आणि पडद्यावर ते थरथरत होतं.

क्लाइड : आणि पैसे देणाऱ्या साबण कंपनीची माणसं खुर्चीतून पडायची बाकी राहिली होती हसून! थंडी वाजणारं ध्रुवीय अस्वल! लिंडक्विस्टसाहेबांनी तिथल्या तिथे सगळी गोष्ट बदलली. सगळी अस्वलं त्याला हसतात, ते घर सोडून जातं, नाताळच्या दिवशी एका पाववालीच्या शेगडीपाशी पोचतं. कमाल सुचलं म्हणून सगळ्यांनी लोरीची पाठ थोपटली. तुम्हीही थोपटलीत.

इनेझ : थोपटली. मलाही वाटलं होतं की यांनी मुद्दाम केलंय.

लॉरेटा : आणि आता नाही वाटत.

इनेझ : या शॉटमध्ये त्याची थंडी जायची आहे. ऊब लागून ते झोपायचंय. तिन्ही वेळा ते झोपेपर्यंत कुडकुडतंय. मी तुमचा हात बघितलेला नाही. पण आता बघायचाय. उजवा पुढे करा.

क्लाइड : अहो, हे काय शाळेतल्या मास्तरीणबाईंसारखं...

लॉरेटा : राहू दे, क्लाइड. हा घ्या. झालं समाधान?

इनेझ : ...कधीपासून?

लॉरेटा : फेब्रुवारी. आधी फक्त संध्याकाळी व्हायचं. मग जेवणानंतर. आता सकाळचे दोन तास तेवढे बरे जातात.

इनेझ : डॉक्टर काय म्हणाले?

लॉरेटा : नाताळनंतर जाणार आहे.

क्लाइड : मी दर आठवड्याला सांगतो तिला. भिंतीशी बोललो असतो तर भिंत तरी उठून गेली असती डॉक्टरकडे.

लॉरेटा : डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. माझे वडील नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यात कातडी कापायचे. तेवीस वर्षं. त्यांच्या हाताइतकी सरळ रेघ पट्टीने यायची नाही. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीही लपवलं. एके दिवशी फोरमनने सगळ्यांसमोर त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि झाडू दिला. बाबा घरी आले आणि टोपी न काढता जेवायला बसले. बोला, साहेबांना काय सांगणार आहात?

इनेझ : चार वाजता ते इथे येणार आहेत. त्यांनी मला विचारलंय की हा शॉट वॉरनला द्यायचा का.

लॉरेटा : वॉरन!

क्लाइड : पोरगा वाईट नाही. उड्या छान मारायला लावतो बाहुल्यांना.

लॉरेटा : उड्या कुणीही मारायला लावेल! पळणारं, पडणारं, आपटणारं, सगळं सोपं असतं. चूक झाली तरी धावपळीत झाकली जाते. हळू करून दाखवा म्हणावं. झोप येणाऱ्या पोराची मान कशी केसाकेसाने उतरते, ते करून दाखवा. वॉरन त्याला झोपवणार नाही, आडवा पाडेल. आठ महिने हे पोर माझ्या हातात आहे. त्याला घरी पोचवायचं आणि शेवटच्या बारा सेकंदांना दुसऱ्याच्या स्वाधीन करायचं? मिस थॉर्प, मी कधी कुणाकडे काही मागत नाही. एवढा शॉट माझ्याकडून काढून घेऊ नका. पुढच्या चित्रपटाला नका बोलावू. झाडू द्या. पण हा नको.

इनेझ : मी खोटं लिहिणार नाही.

लॉरेटा : मी सांगितलं का लिहायला?

इनेझ : आणि तुमच्या हाताने हा शॉट होणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.

लॉरेटा : ...हो.

क्लाइड : मी केला असता, पण माझी बोटं बघा. या सॉसेजनी मी त्याला झोपवायला गेलो तर कायमचा झोपेल.

इनेझ : आतापर्यंतचे अठ्ठावन्न कसे आहेत?

लॉरेटा : चांगले. इथवर त्याला थंडी वाजायचीच आहे. मी आजचा हिशेब तसाच बांधला होता. बरे दोन तास संपले की खेळ संपला, हेही ठाऊक होतं. पण वाटलं, आज कदाचित तीन तास मिळतील.

इनेझ : म्हणजे शॉट अजून जिवंत आहे.

क्लाइड : तुम्ही उभ्या राहून बडबडत राहिलात तर फार वेळ नाही राहणार.

इनेझ : राहिले शहाऐंशी. चारपर्यंत तीन तास. दोन मिनिटं पाच सेकंदांना एक. मिसेस डोम्ब्रोव्स्की, किती हलवायचं हे तुम्हाला हात न लावता सांगता येईल?

लॉरेटा : झोपेतसुद्धा. का?

इनेझ : माझे वडील रेसीनला घड्याळं दुरुस्त करायचे. म्हातारपणी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा केसाएवढ्या स्प्रिंगा मी बसवायची आणि ते कानाने सांगायचे. सहा वर्षं. गिऱ्हाइकांना कळलं नाही.

क्लाइड : अरे देवा. मिस थॉर्प, तुम्हाला तर बाहुल्या आवडत नाहीत.

इनेझ : अजिबात नाही. त्यांचे डोळे माझ्या मागे मागे येतात. पण आवडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की यांना चालेल का.

लॉरेटा : ...नखं दाखवा.

इनेझ : कापलेली आहेत.

लॉरेटा : बाह्या वर करा. स्वेटर काढा, लोकर सुटते. केस बांधा. या, माझ्या जागेवर या. टेबलाला पोट लागू देऊ नका. ती सुई दिसतेय, स्टँडवरची? तिचं टोक त्याच्या नाकाला टेकेल-न-टेकेल इतकं आणा. ती आपली खूण. त्याला हलवलं की सुई आणि नाक यांच्यात किती फट पडली ते बघायचं आणि मग सुई उचलून घ्यायची. सुई विसरलात तर नाताळात सगळ्या अमेरिकेला दिसेल.

इनेझ : आली.

लॉरेटा : आता त्याला मानेला धरा. वरून नाही, मागून. लोकर विस्कटली तर पडद्यावर अंगात मुंग्या भरल्यासारखी दिसते.

इनेझ : असं?

लॉरेटा : घट्ट धरलंत. चोर नाही तो. हं. आता खाली. कागदाच्या जाडीएवढं.

इनेझ : कुठल्या कागदाच्या? तक्त्याच्या की टाइपरायटरच्या?

क्लाइड : झालं सुरू.

लॉरेटा : नाही, बरोबर विचारलं. टाइपरायटरच्या. बस! सोडा. सुई काढा. हात बाहेर. क्लाइड?

क्लाइड : एक... दोन. झालं. एकोणसाठ.

लॉरेटा : साठ. पुन्हा तेवढंच. आणि डावा कान आत. त्याला पावाचा वास आलाय.

इनेझ : वास आल्यावर कान आत जातात?

लॉरेटा : याचे जातात. आठ महिने ओळखते मी त्याला. चला.

क्लाइड : साठ. ...लोरी, खाली फाटक वाजलं. बिअरची गाडी. खरी गाडी आहे ही, मिस थॉर्प, तुमची शपथ.

लॉरेटा : हात वर! कुणी हलू नका. जाऊ दे तिला. ...गेली. फुलदाणीतलं पान थांबू दे. ...चला. एकसष्ट.

इनेझ : तुमच्या चेहऱ्याला घाम आलाय, मिसेस डोम्ब्रोव्स्की.

लॉरेटा : तुमच्याही आलाय. त्याच्यावर पडू देऊ नका.

क्लाइड : सत्त्याण्णव. मिस थॉर्प, मला वाटलं होतं तुम्ही दहा मिनिटांत रडाल.

इनेझ : मीही तसंच धरलं होतं. अंदाज चुकला.

लॉरेटा : बोलू नका. पापणी. पहिली पापणी आली. डबीतली तीन नंबरची, डोळ्यावर बसवायची. चिमट्याने उचला. नाही, सैल धरा. हं. तुम्हाला झोप येते तेव्हा दोन्ही डोळे बरोबर मिटतात?

इनेझ : मी कधी बघितलेलं नाही.

लॉरेटा : नाही मिटत. एक आधी जातो. दुसरा अजून आशा धरून असतो. उजवा आधी.

क्लाइड : एकशे तीन. ...एकशे एकवीस. हात कसा आहे, मिस थॉर्प?

इनेझ : पाठ गेली. हात आहे.

लॉरेटा : आता छाती. आतला स्क्रू पाव फेरा. पावही नाही, त्याच्या निम्मा. ...इनेझ, श्वास घे.

इनेझ : त्याने?

लॉरेटा : तू. दहा मिनिटं झाली, तू श्वासच घेतलेला नाहीस.

क्लाइड : एकशे अडतीस. लोरी, जिन्यावर पावलं. साहेब. दहा मिनिटं आधी.

इनेझ : मी बाहेर जाऊन थांबवते त्यांना. शॉट चालू आहे एवढंच सांगेन. ते खरं आहे.

लॉरेटा : तू कुठेही जायचं नाहीस. सहा राहिलेत. क्लाइड, तांबडा दिवा आहे ना? थांबतील बाहेर. एकोणचाळीस.

क्लाइड : झालं. चाळीस. ...एक्केचाळीस. बेचाळीस. लोरी, हा अजिबात हलत नाहीये. देवाशपथ, झोपलाय तो.

लॉरेटा : इनेझ, बाजूला हो. शेवटचे दोन माझे.

इनेझ : पण तुमचा हात...

लॉरेटा : माहीत आहे. पोरं गाढ झोपण्याआधी एकदा दचकतात. एकदाच. पटकथेत नाही, पण डुगन दचकतो. ...हे बघ. माझा हात टेकला की झालं, काही करावं लागत नाही. क्लाइड.

क्लाइड : एक, दोन. त्रेचाळीस. ...एक, दोन. चव्वेचाळीस. संपलं. दिवे घालवू?

लॉरेटा : राहू दे घटकाभर. ऊब आहे.

इनेझ : मला तक्ता भरायचाय. हात कुणाचे, त्या रकान्यात काय लिहू?

लॉरेटा : घडलं तसं लिही. एक ते अठ्ठावन्न मी. मग तू. शेवटचे दोन मी.

इनेझ : खाली कारणाचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय साहेब सही करत नाहीत.

लॉरेटा : तो रिकामा ठेव. तो मी त्यांना तोंडाने सांगते.

क्लाइड : आत्ता? लोरी, अगं निदान परवा डबे जाईपर्यंत...

लॉरेटा : आत्ता. सुरी कुणी काढून घ्यायच्या आधी मीच खाली ठेवते. दार उघड त्यांना. बूट काढायला सांग.

इनेझ : मी जाऊ का मग?

लॉरेटा : जा. आणि येताना माझी कॉफी आण. या वेळी कप भरून.