मागच्या पत्र्याचा जोड

अमेरिकेतल्या टोलेडोतल्या गाडीरंगाच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत दोन म्हातारे मित्र उभे होते.

"वर्लिन, मागचा पत्रा त्या ड्वेनकडून जोडून घेतलास म्हणे?"

"घेतला. का?"

"तीन वर्षं तुझ्या जुन्या मस्टँग गाडीचा गंज खरवडला मी, आणि वेल्डिंगला मात्र तो!"

"ऑरिन, तुझी नजर आता पूर्वीची राहिली नाही. वेल्डिंग करताना दाराला भोक पाडलंस."

"एकच पाडलं! त्याला कुठे धीर आहे? पत्रा तापून लाटा आल्या असणार, आणि वर लांबीचा लेप थापून झाकल्या असणार."

"टिपका टिपका जोडत होता, मध्ये थंड होऊ देत होता."

"हो, गावभर तेच सांगत फिरतो."

"मग येऊन बघ की स्वतः."

"बघितलंय."

"कधी?"

"रविवारी. तू चर्चमध्ये होतास तेव्हा."

"माझ्या गॅरेजात? चोरासारखा?"

"चुंबक घेऊन गेलो होतो. लांबीच्या थरावर ते धरत नाही, सुटलं असतं, पण कुठेच सुटलं नाही. मग डोळे मिटून बोटांनी चाचपलं."

"आणि?"

"अर्धा तास चाचपलं रे. मेल्याचा जोड कुठंय, तेच सापडेना."