सहा नंबरच्या खाटेची वही

...आणि वर मलाच म्हणते, "तुम्हीच सांगितलंत ना, सिस्टर!" आता बोला! तुम्हाला सांगते, वीस वर्षं काढली मी या बाळंतिणींच्या वॉर्डात, रोज सकाळी दहाला पहिलटकरणींना गोळा करून शिकवते, बाळाला कसं धरायचं, कसं पाजायचं, ढेकर कसा काढायचा... ऐकतं कोण? अर्ध्या पेंगतात, अर्ध्या मोबाईलवरून बाळाचे फोटो पाठवतात, आणि "कळलं का?" विचारलं की सगळ्याच माना हलवतात! सवयीचं झालंय हो मला. पण सहा नंबरच्या खाटेवर आली एक गणिताची शिक्षिका. वही, पट्टी, दोन रंगांची पेनं! मी शिंकले तरी उतरवून घेईल! म्हटलं, चला, एक तरी गुणाची मिळाली... कुठून अवदसा आठवली आणि खूश झाले!

दुपारी बघते तर बेसिनपाशी ही रांग! सासरे, दीर, मावशी, नवरा, सगळे साबण चोळताहेत, आणि ही खाटेवरून ओरडतेय, "बाबा, अजून बारा सेकंद राहिलेत!" बरं, स्वतः सकाळपासून अंघोळीला गेलेली नाही. का गं? "बाळाला एकटं सोडायचं नाही, तुम्हीच सांगितलंत ना, सिस्टर!" अगं, पण तुझी आई बसलीय, सासू बसलीय! तर म्हणे, "त्या कुठे होत्या तुमच्या वर्गाला?" झालं! दोन्ही विहिणींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं... माझ्याविरुद्ध!

इथवर मी हसत होते. पण तिसऱ्या दिवशी बाळाला काट्यावर ठेवलं आणि वजन पुन्हा उतरलेलं. थोडं उतरतंच हो सुरुवातीला, पण हे जरा जास्तच होतं. डॉक्टर म्हणाले, "उद्या वाढलं नाही तर घरी सोडणार नाही." माझं हसू कुठल्या कुठे पळालं. तशीच तिच्या खाटेपाशी गेले, तर बाळानं टाहो फोडलाय, मुठी चोखून चोखून लाल केल्यात, आणि ही घड्याळाकडे बघत बसलीय, डोळ्यांतून घळाघळा पाणी! "अगं, घे ना त्याला!" तर हुंदके देत म्हणते, "अजून अकरा मिनिटं आहेत... दर तीन तासांनी पाजायचं... तुम्हीच सांगितलंत ना, सिस्टर!"

खरंच होतं तिचं. कारण सांगितलं होतं मीच! बाळ झोपलेलं असलं तरी पाजल्याशिवाय तीन तासांवर जाऊ देऊ नका, एवढंच म्हणायचं होतं मला. भूक लागली की कधीही घ्या, हे सांगायचंच राहिलं! मला वाटायचं, ते काय सांगायचं, कुणालाही कळतं! कळत होतंच की तिला, म्हणून तर रडत होती. पण स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवून बसली बिचारी.

मी स्टुलावर चढले, भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि सासूच्या पिशवीत कोंबलं. म्हटलं, "तोंड उघडून मान वळवतंय, मूठ चोखतंय, म्हणजे त्याला भूक लागलीय. रडायची वाटसुद्धा बघायची नाही. घे!" घेतलं तिनं... आणि काय सांगू, ते पोर असं तुटून पडलं! ती तशीच विचारते, "मी नापास झाले ना, सिस्टर?" म्हटलं, "वेडाबाई, पेपरच माझा चुकला होता!" आणि मग मीच रडले. वीस वर्षांत पहिल्यांदा, तेही ड्युटीवर!

दुसऱ्या दिवशी वजन चाळीस ग्रॅम वर! गेली बाई घरी. सुटले म्हणता? छे! बाळाला लस द्यायला आली, तर आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "नव्या आयांना दोन शब्द सांगा." हिनं वही उघडली, म्हणाली, "मी काय काय चुकले, ते सांगते." आणि तुम्हाला सांगते, पेंगणाऱ्या ताठ बसल्या! मोबाईल खाली! एकीनं तर चक्क प्रश्न विचारला! इतकी वर्षं मी घसा फोडतेय, मला कुणी वेळसुद्धा विचारली नव्हती!

आता दर शनिवारी तीच घेते वर्ग. मी मागे बसते, तिचं गुटगुटीत पोर मांडीवर घेऊन. परवा जरा पुटपुटले, "मी हे असं नव्हतं सांगितलं..." तर लगेच, "सिस्टर, मध्ये बोलायचं नाही! शंका असेल तर हात वर करा!"

काय करणार? एका हातानं पोर सावरते... आणि करते दुसरा वर!