पहिली हाक

सन सदुसष्ट, त्रिपुरी पौर्णिमेचा आदला दिवस. मी मागच्या पडवीत उकड्या तांदळासाठी भात उकडत होते, चुलीवर मोठं तपेलं, आणि शैला, माझ्या नणंदेची कमलची मुलगी, दाणा बोटांत दाबून बघता बघता म्हणाली, मामी, माका आंबोलीक जावचा आसा, आई पडली ती जागा बघूची आसा. सतरा वर्षांची झालेली. बापाने मुंबईत दुसरं लग्न केलं, तिला मीच वाढवली.

काय सांगू बाई तुम्हाला, आधी माझं माहेर सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोडामार्गाकडचं, डोंगराच्या अगदी पोटातलं गाव. तिथे पोर चालायला लागलं की त्याला सांगतात, रानात कुणी एकदा हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतं. देवचार, म्हणजे रानाचा राखणदार, एकदाच मारतो, तीही ओळखीच्या आवाजात, आणि ओ दिली की ओढून नेतो. लग्न होऊन मालवणात आले, इथे सगळे दर्यावरचे, त्यांना हे काही ठाऊक नाही. कमल मला चिडवायची, काय गो वयनी, तुझ्या देवचाराक माझो आवाज कोणी शिकवल्यान? मीही हसायची. माझा विश्वास होता असं नाही, पण अंगात मुरलेलं होतं.

चोपन्न साली दिवाळीनंतर आम्ही एसटीने आंबोलीला गेलो, आमचे हे, मी आणि कमल. शैला चार वर्षांची, तिला सासूबाईंकडे ठेवलेली. कमलला धबधबे बघायची फार हौस, दर्या रोजचाच, म्हणायची, वरसून पडणारा पाणी बघूया. जंगल खात्याचा एक माणूस वाट दाखवायला घेतला. त्याने झाडाच्या शेंड्यावरचं शेकरू दाखवलं, मग झाडीत उभा असलेला गवा, काळाभोर, गुडघ्याखाली पाय पांढरे. कमल म्हणाली, बघ गो, मोजे घालून मास्तर इलो. गवा आमच्याकडे बघत राहिला आणि मग गेला.

पुढे पुरुष विडी ओढायला बसले. माझ्या पोटरीला एक जळू चिकटली होती, ती मी तंबाखू लावून काढत होते. कमल पाणी बघायला पुढे झाली, वीस पावलं असेल, वळणाआड. आणि हाक आली. वयनी. तेवढीच.

मी मनात म्हटलं, एक. दुसरीची वाट बघितली. जळू सुटली, रक्त पुसलं, पदर नीट केला, आणि वाट बघितली. मग गेले तर कडेला तिची एक वहाण, शेवाळावर घसरल्याची लांब रेघ आणि बाजूला उपटलेली मुळी. तिने ती धरून ठेवली होती. दुपारी खालच्या डोहातून तिला काढली.

मी सगळ्यांना सांगितलं, पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. सगळे म्हणाले, कसं येणार. तेरा वर्षं हेच सांगितलं. आणि तेरा वर्षं, तपेल्यातलं पाणी खदखदायला लागलं की कानाशी वयनी, एकदाच. डॉक्टरकडे जाऊन कान दाखवला. त्याने मळ काढला, म्हणाला, कान उत्तम आहे.

आता शैला तिथे जायचं म्हणते. आणि ती जागा अशी, की पाणी पडतं पलीकडच्या अंगाला, वळणावर माणूस खोकला तरी ऐकू येतं. ती तिथे उभी राहिली असती तर कळलंच असतं तिला. म्हणून मी भात ढवळत ढवळत सगळं सांगून टाकलं. हाक आली होती, मी ओ दिली नाही.

ती म्हणाली, तुका कळला, ती आईच?

मी म्हटलं, होय.

मगे कित्याक थांबलंस?

मी म्हटलं, दुसरी येईल म्हणून.

ती उठली. भात उपसायला लागली, चटईवर पसरला, जेवली नाही, झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी होते. विहिरीकडून हाक आली, मामी. एकदाच. मी कान दिला, दुसरी नाही. हातातली पळी टाकून मी धावले, अनवाणी, चटईवरचा भात तुडवत. ती विहिरीच्या कठड्याशी उभी, भरलेली घागर पायाशी, माझ्याकडे बघत. म्हणाली, चढवूक हात लाव.

मी लावला.