दोघांनी वाचायचं

ताई: काय म्हणतंय?

मिस्त्री: तेच. ‘एकही डिस्क सापडली नाही.’

ताई: चौथ्यांदा.

मिस्त्री: पाचव्यांदा. केबल बदलली, कार्डाची खाच बदलली, आतली सेटिंगं उलटीसुलटी करून पाहिली. हात टेकले, ताई.

ताई: हात टेकायला वेळ नाही, मिस्त्री. डॉक्टरांचा परत फोन होता. वरच्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबलाय म्हणे, पण अंगात रक्त उरलेलं नाही. तीनच्या आत एक तरी पिशवी वर गेली पाहिजे. आणि तिचा रक्तगट ना माझ्या फ्रीजमध्ये, ना दुसऱ्या कुठल्या रक्तपेढीत. पाच ठिकाणी विचारून झालं.

मिस्त्री: ज्यांच्या अंगात आहे त्यांचे फोन नंबर ह्या डब्यात.

ताई: अख्ख्या गावात तिघं. बाकीच्या यादीचं मी काही म्हणत नाही. तीन नंबर काढून द्या मला.

मिस्त्री: तेच तर... मावशी, आत नका येऊ, इथे वायरी पसरल्यात.

सासू: येऊ दे मला. वर जिला रक्त पाहिजे ना, तिची मी सासू. वर कोणी धड बोलत नाही. मुलगा दाराला चिकटून उभाय, त्याला पाणी पी म्हटलं तरी कळत नाही. नर्स म्हणाली, खाली रक्तपेढीत विचारा. काय चाललंय हे?

ताई: बसा त्या स्टुलावर. बाळ कसं आहे?

सासू: बाळाला काय धाड भरलीय! बेंबीच्या देठापासून ओरडतंय. आईचं सांगा. रक्त कधी देताय?

ताई: देणाऱ्यांची यादी ह्या मशीनमध्ये अडकलीय.

सासू: मशीनमध्ये? वही नाही?

ताई: होती. सतरा वह्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी सांगितलं, ताई, आता कागदाची कटकट संपली, द्या रद्दीत.

मिस्त्री: सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवताय.

ताई: तीन वाजेपर्यंत ऐकवीन. त्यानंतर ऐकवून उपयोग नाही.

सासू: भांडू नका हो. मला कळेल असं सांगा, बिघडलंय काय?

मिस्त्री: सांगतो. यादी दोन डिस्कांवर आहे, एकीवर जे तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही टांगलेल्या एकाच कार्डाला. परवा विजेचा झटका आला आणि ते कार्डच जळलं. मशीन चालवणारी सिस्टीम ज्या डिस्कवर होती, तीही गेली.

सासू: म्हणजे दोन घागरी आणि दोर एक.

मिस्त्री: बरोबर. कार्ड त्याच बनावटीचं शोधून आणलं, भंगारात मिळालं. सिस्टीम टाकायला कोरी डिस्क आणली. तीही त्याच कार्डावर लावली, दुसरी जागाच नाही. पण आज मिळते ती सिस्टीम नवी. ती ह्या जुन्या कार्डाला ओळखच देत नाही.

सासू: सून नवी, सासू जुनी, घर एक.

मिस्त्री: तसंच समजा.

सासू: मग कसलं जमतंय! आमचं चार महिने बोलणं नाही.

ताई: कुणाचं?

सासू: वर झोपलीय तिचं आणि माझं. कपाट हलवलं तिने. चाळीस वर्षं एका भिंतीला होतं. मी बाजारातून येते तर दुसऱ्या भिंतीला! विचारलं नाही, सांगितलं नाही.

ताई: कपाटावरून चार महिने?

सासू: आणि खरं सांगू का? आता आरशावर उजेड चांगला येतो. तेही बोलले नाही तिला. ...ते कार्डच बदला ना तुम्ही.

मिस्त्री: बदललं तर डिस्कांवरचं वाचता येणार नाही, मावशी. ह्याच जातीच्या कार्डाने ते लिहिलंय. नुसती डिस्क काढून माझ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, कोरी दिसते.

सासू: जुनं बदलता येत नाही, नवं ऐकत नाही. मग जुन्याला जुनंच आणा जोडीला.

मिस्त्री: जुनी सिस्टीम आता कोण देणार? कंपनीने बंद करून टाकली. सकाळी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, हसले मला.

ताई: थांबा. मशीन आलं तेव्हा खोक्यात काय काय होतं?

मिस्त्री: बारा वर्षं झाली. चाव्या, हमीचा कागद, सिस्टीमची सीडी...

ताई: पाकिटात? निळ्या?

मिस्त्री: ताई, ती मी तुम्हाला फेकायला सांगितली होती.

ताई: वह्या फेकल्या तुमचं ऐकून. त्या रात्री झोप लागली नाही. मग ठरवलं, ह्या माणसाचं पुन्हा ऐकायचं नाही. खालचा खण ओढा. जोर लावा, अडकतो. हातमोज्यांच्या खाली.

मिस्त्री: ...आहे. आहे ताई! ओरखडा नसला म्हणजे मिळवली.

सासू: पदराने पुसा. द्या इकडे, मी पुसते.

मिस्त्री: नको, नको! मऊ फडकं आहे माझ्याकडे. हं. घातली. फिरतेय.

सासू: खरखर करतेय.

मिस्त्री: करू दे. तिचं वय झालंय.

सासू: माझंही होतं तसं सकाळी उठताना.

मिस्त्री: चल, चल बाई... भाषा विचारली. पुढे. आता डिस्का शोधतेय. इथेच अडत होतं. इथेच... दिसल्या! ताई, दिसल्या! कार्ड ओळखलं तिने!

ताई: वाचा.

मिस्त्री: वाचायचं काय, पावणेबारा झालेत. पहिल्या डिस्कवर सिस्टीम टाकायची. ‘सर्व पुसून नव्याने आखू का?’ हो...

ताई: हात मागे!

मिस्त्री: दचकलो ना! काय झालं?

ताई: ह्या खोलीतून पिशवी जाते ती दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय जात नाही. एकाने चिठ्ठीवरचं, दुसऱ्याने पिशवीवरचं. बावीस वर्षं. दंगल झाली तेव्हाही, बस उलटली तेव्हाही.

मिस्त्री: ही काय रक्ताची पिशवी आहे?

ताई: आज हीच पिशवी आहे. वाचा.

मिस्त्री: बरं बाई. ‘पहिली डिस्क. आकार दोन हजार.’

ताई: तुम्ही कोरी आणली ती केवढी?

मिस्त्री: पाचशे...

सासू: काय झालं? अहो, पांढरे पडलात तुम्ही!

मिस्त्री: यादी आहे ती ही. दोन्ही डिस्का मिळून एक दिसतेय. मी... बोट ठेवलं होतं बटणावर.

ताई: पण तुम्ही पहिली म्हणालात.

मिस्त्री: बाकीच्या मशीनवर नवी सिस्टीम कोरी डिस्क आधी दाखवते. दोन-तीन वर्षांत हाताला तीच सवय लागली. ही जुनी उलट्या क्रमाने मोजते, विसरलोच मी. सगळं गेलं असतं, ताई. तिन्ही नंबर, सगळी यादी, सगळं माझ्या हाताने...

ताई: पाणी प्या. प्या म्हणते ना. आता दुसरी वाचा.

मिस्त्री: ‘दुसरी. आकार पाचशे.’

ताई: नंबर?

मिस्त्री: शेवटचे आकडे सात, शून्य, दोन, नऊ.

ताई: मावशी, कोऱ्या डिस्कचं खोकं तुमच्या पायाशी आहे. वाचता येतं?

सासू: आकडे येतात. सात... शून्य. दोन. नऊ.

ताई: पुन्हा.

सासू: सात, शून्य, दोन, नऊ.

ताई: दाबा आता.

मिस्त्री: दाबलं. ...मी ह्या धंद्यात उगाच आलो, ताई.

ताई: ते चार वाजता ठरवू. किती वेळ लागेल?

मिस्त्री: चाळीस मिनिटं. मग यादी उघडायला दहा.

सासू: ती हिरवी पट्टी किती सावकाश जाते हो. दूध तापायला ठेवल्यासारखं. बघत बसलं की हलत नाही.

ताई: मग नका बघू. सुनेचं सांगा.

सासू: काय सांगू? तिखट आहे. मला असंच माणूस लागतं समोर. मुलगा माझा शेळपट, त्याच्याशी भांडून काय मिळतं? ती वाचली पाहिजे हो. माझी तिच्याशी बरीच भांडणं राहिलीत.

मिस्त्री: ताई, साडेबारा वाजून गेले, पण यादी उघडली.

ताई: गट टाका. हं. वाचा पहिला नंबर, मी लावते. ...बंद आहे. दुसरा. ...अहो, मी रक्तपेढीतून. कुठे आहात? ...नाही, दोन दिवसांनी येऊन काय करू? ठेवा. तिसरा वाचा.

मिस्त्री: ही शिवणकाम करणारी. इथे तसं लिहिलंय.

ताई: डाव्या हाताने सही करते ती! चेहरा आठवत होता सकाळपासून, नंबर आठवत नव्हता. ...हॅलो? हो, मीच. बाळंतीण आहे. आत्ता, ह्या क्षणी. ...शिलाई अर्धी राहू दे, बाई. मी गाडी पाठवते. मागच्या वेळी चक्कर आली होती तुम्हाला, काही खाऊन निघा. हो. हो.

सासू: येतेय?

ताई: चप्पल घालतेय.

(दुपारी पावणेतीन. रक्ताची तपासणी झाली आहे. पिशवी टेबलावर, ताईचा हात पिशवीवर.)

मिस्त्री: द्या, मी पळत वर नेतो.

ताई: मला जोडीला वाचणारी आज रजेवर आहे. मावशी, पुढे या. पिशवीवरचं मी वाचणार. पेशंटचं नाव तुम्ही सांगायचं.

सासू: मी?

ताई: घरचं माणूस तुम्हीच आहात इथे.

सासू: चार महिने तोंडाने घेतलं नाही हो ते. ‘ती’ म्हणायचे, ‘तिला सांग’ म्हणायचे...

ताई: आता घ्या.

सासू: घेतलं.

ताई: मनातल्या मनात नाही चालत. मोठ्याने, मला ऐकू येईल असं. ...हं, बरोबर. जुळतंय. आता पुन्हा एकदा, मावशी. आमच्याकडे दोनदा घ्यावं लागतं.