ऑर्किडसाठी दमट हवा

यंत्र निवडण्यात माझी अक्कल किती चालते, ते ऐका. मुलगी पाच महिन्यांची होती, आणि कासार आंबोलीच्या आमच्या हरितगृहात ऑर्किडची रोपं एप्रिलच्या कोरड्या हवेनं करपत होती. हवा दमट करणारी दोन यंत्रं दुकानात होती. माहितीपत्रक तीनदा वाचून मी महागातलं घेतलं. दुकानदारानं स्वतः येऊन बसवलं. म्हणाला, "ताई, आता इथं कोकण आलं समजा."

आठवड्यानं संध्याकाळी तो पाहायला आला. दमटपणाचा काटा छान वर चढला होता.

"बघा," तो म्हणाला.

"आणि आवाज अजिबात नाही," मी कौतुकानं म्हणाले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या हौसाबाई दारातच उभ्या होत्या. "आवाज कुटनं येनार वहिनी? सकाळधरनं लाईट न्हाई."

"मग काटा कसा चढला?"

त्यांनी रोपांमागच्या दोरीकडे बोट दाखवलं. तिथे वीसेक ओले लंगोट टांगलेले. "तान्ह्या लेकराचं कपडं तिन्हीसांजंला भाईर ठिवू न्हाई. म्हून हितं वाळत घातलं."

रोपं जगली. मुलगी दिवसाला इतके लंगोट का ओले करते, ही माझी काळजी त्या उन्हाळ्यापुरती मिटली.