तहसीलदाराचा घोडा अन् वरचा घाट

हुकूम काढणारे मी लय बघितले, पण स्वतःचा हुकूम पाळणारा एकच. निजामाच्या काळात गंगाखेडला असा एक तहसीलदार होता. पटकीची साथ आली तवा त्यानं गोदावरीचा काठच वाटून दिला. वरच्या घाटावर फकस्त प्यायचं पाणी, मधी अंघोळ-धुणं, अन् जनावरं सगळ्यात खाली.

एका सकाळी मी मधल्या घाटावर धोतर पिळायलो होतो. तितक्यात त्याचाच चपराशी घोडा घेऊन वरच्या घाटावर उतरला. तिथं आमची सखूआत्या घागर भरायली होती. ती आडवी आली.

"जनावरं खाली न्यायची."

"साहेबाचा घोडा हाय हा."

"मग साहेबाला आणा हितं. घोडं खाली न्या."

बघतो तर साहेब मागंच पायरीवर उभे. माझं धोतर हातातच राहिलं. साहेबांनी चपराशाच्या हातातला लगाम घेतला, स्वतः घोडा खाली नेऊन पाणी पाजलं, अन् परत वर चढून आत्यापुढं ओंजळ धरली.

"अम्मा, थोडा पानी मिलेगा?"

आत्यानं घागर वाकवली. "मिळंल की. घोडं हितं प्यालं असतं, तर मीच दिलं नसतं."