सातशे बारा नंबर

निषाद : आजी, शेजारच्या साळूबाईंना दवाखान्यात नेमकं काय म्हणाले?

गोजराबाई : म्हनले, तुमचा नंबर हितं न्हाईच. मोतीबिंदूचं आपरेशन, उपाशीपोटी गेलेली म्हातारी. घोटावड्याला गाडी बदलून गेली, हातात सातशे बाराचा कागद, आन् तशीच माघारी आली. आता म्हनती, मरंस्तवर जायची न्हाई.

निषाद : नंबर होता, आजी.

गोजराबाई : तुला रं काय ठावं?

निषाद : त्या दवाखान्याची यादी आमच्याच ऑफिसातून चालते. तिच्यात जुना घोळ होता. शंभर नंबर नव्वदच्या आधी लागायचा. परवा मी तो क्रम सरळ केला.

गोजराबाई : मग ब्येस केलंस की!

निषाद : कसलं बेस! कॉम्प्युटर अख्खी यादी वाचत बसत नाही. कुठला नंबर कुठं, याची वेगळी मांडणी असते, तिच्यावरून शोधतो. ती जुन्याच क्रमाची राहिली. तो नव्या क्रमानं शोधायला गेला, भलतीकडं वळला आणि म्हणाला, नाहीच.

गोजराबाई : आमच्या सासूवानी झालं म्हन की.

निषाद : आता सासू कुठून आली?

गोजराबाई : ऐक तर. आंधळी व्हती. रिहे गावच्या घरात बियाची सतरा मडकी, कशीबी मांडलेली. पर हात घातला की पायजे तेच बी! वारा चाटून सांगायची, पाऊस कुटं पडतोय. मी नवी नवरी, लई गुनाची. मडकी उंचीपरमानं लावली. पेरनीला म्हातारीनं बी म्हनून मीठ टाकलं. तीन दिस कावळं दारात पानी मागत बसलं!

निषाद : मीठ? आणि हाताला कळलं नाही?

गोजराबाई : बरं बाबा, मीठ न्हाई. लवकर येनाऱ्या हळव्याच्या जागी उशिरा येनारं गरवं भात टाकलं. खाचरातलं पानी आटलं, निम्मं भात पोचट गेलं. पर फुडचं खरं हाय. तिनं परत कंदी मडक्याला हात लावला न्हाई. म्हनायची, माजा हातच खोटा झाला.

निषाद : तुम्ही सांगितलं नाही?

गोजराबाई : न्हाई. गप बसले. तशीच गेली ती.

निषाद : ...जुनी मांडणी ठेवून शेजारी नवी करायची होती, आजी. एकेक नंबर सापडतोय बघायचं, मग जुनी काढायची. दोन तासांचं काम. मी घाई केली.

गोजराबाई : आता केलंस का?

निषाद : सकाळीच. सातशे बारा सापडतोय.

गोजराबाई : त्ये तिला कुटं ठावं? आपुनच चुकीचा कागद नेला म्हनती. कालपास्नं पिशवी चाचपतीया.

निषाद : मी सांगतो. चूक माझी होती म्हणून. सोमवारी मीच घेऊन जातो त्यांना.

गोजराबाई : जा. पायरीवर बसलीया. लांबनंच हाक मार. कोन आलंय, ते दिसत न्हाई तिला.